गर्दीचा तास कुणाचा?

सकाळी नऊच्या सुमारास घाटकोपरला लोकलमधून उतरलेला लोंढा अंधेरीच्या मेट्रोकडे वळतो, तेव्हा प्रत्येकाच्या खिशातला मोबाइलही त्याच मोजक्या सेलवर, म्हणजे टॉवरच्या एकेका क्षेत्रावर, येऊन पडतो. कामाच्या वेळेत हा भार अंधेरीच्या सीप्झ-एमआयडीसीत असतो. रात्री जेवणं उरकली की तो मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत पोहोचतो.

म्हणूनच नेटवर्क आखताना दिवसभराची सरासरी उपयोगाची नसते. सर्वाधिक भाराचा तास, म्हणजे 'बिझी अवर' शोधावा लागतो. भाराचं एकक आहे अर्लांग. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतले गणिती अॅग्नर अर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे. एक लाइन तासभर सलग गुंतली, की झाला १ अर्लांग.

समजा, त्या तासात एका सेलवर सरासरी तीन मिनिटांचे १२० कॉल आले. एकूण ३६० मिनिटं, म्हणजे ६ अर्लांग. मग सहा चॅनल पुरावेत? नाही. कॉल ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी शुकशुकाट, कधी झुंबड. शंभरात दोनपेक्षा जास्त कॉल अडू द्यायचे नसतील, तर अर्लांगच्या सूत्रानुसार १२ चॅनल लागतात. भार दुप्पट, १२ अर्लांग झाला, तर मात्र २४ नव्हे, १९ पुरतात. मोठ्या समूहात एकाची झुंबड दुसऱ्याच्या शुकशुकाटात सामावते.

दोन टक्क्यांची ही मर्यादा दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २००९ च्या नियमांतलीच.

पण कॉल अडण्याचं असो वा मधेच तुटण्याचं, प्रमाण मोजायचं कुठे? मुंबई हे एकच सर्कल, म्हणजे दूरसंचार सेवाक्षेत्र. साऱ्या सर्कलची सरासरी काढली की रिकाम्या सेलच्या आकड्यांत भरलेल्या सेलचं दुखणं बुडून जातं. अंधेरीत कॉल तुटत राहतात आणि अहवालात सगळं आलबेल दिसतं. हा ग्राहकावरचा अन्यायच होता. ट्रायने १ ऑक्टोबर २०१७ पासून कॉल तुटण्याचा निकष बदलला: ९० टक्के दिवस, ९० टक्के सेलवर हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत हवं.

आता बहुतेक भार डेटाचा. फोरजीच्या २० मेगाहर्ट्झ पट्ट्यात १०० रिसोर्स ब्लॉक, म्हणजे ग्राहकांना वाटून द्यायचे छोटे तुकडे, असतात. त्यांतले किती गुंतले, हे अभियंते पाहतात. इथे कॉल अडत नाही, व्हिडिओ रेंगाळतो. त्यामुळे तक्रार नोंदवताना 'नेटवर्क नाही' एवढंच न लिहिता ठिकाण आणि वेळही लिहावी. कोणत्या सेलचा कोणता तास तपासायचा, हे त्यावरूनच कळतं.