चाप एक, कामे दोन

चित्रपटात रिव्हॉल्व्हर रोखणारा कधी आधी अंगठ्याने मागचा भाग खट्‌कन ओढतो आणि मग गोळी झाडतो. कधी तो नुसते बोट आवळत एकामागून एक गोळ्या झाडतो. हा फरक अभिनयाचा नाही, यंत्ररचनेचा आहे. या दोन रचनांतून एक निवडताना एकोणिसाव्या शतकातील सैन्यांना अनेक दशके लागली. त्या निवडीच्या मुळाशी आपण वर्गात शिकवतो ते साधे सूत्र आहे : कार्य म्हणजे बल गुणिले अंतर.

प्रथम रचना पाहू. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचे कप्पे असलेले एक नळकांडे आसाभोवती फिरते. त्याच्या मागे हातोडीसारखा घोडा असतो. घोडा मागे ओढला की एक मजबूत स्प्रिंग वाकते आणि तिच्यात ऊर्जा साठते. घोडा सुटला की तो पुढे आपटतो. त्या काळी प्रत्येक कप्प्याच्या मागे तांब्याची छोटी टोपी बसवीत. तिच्यातील स्फोटक आघाताने पेटे आणि ठिणगी दारूपर्यंत पोचे. बोटाने ओढायचा भाग म्हणजे चाप.

अमेरिकेतील सॅम्युअल कोल्टने १८३६ साली पेटंट घेतलेल्या रचनेत घोडा अंगठ्याने ओढावा लागे. ओढताना एक खुंटी दातेरी चाकाला ढकली आणि नळकांडे एक कप्पा पुढे सरके. चापाचे काम एकच : अडकवलेला घोडा सोडणे. म्हणून ही एकेरी क्रिया.

१८५१ साली लंडनमध्ये भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले. तेथे कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांसमोर इंग्लंडच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सचे पाच कप्प्यांचे रिव्हॉल्व्हर उभे राहिले. त्याच्या घोड्याला अंगठा टेकवायला जागाच नव्हती. चाप ओढला की नळकांडे फिरे, घोडा मागे जाई आणि अखेरीस सुटे. एका हातात घोड्याचा लगाम धरलेल्या स्वाराला, किंवा शत्रू अगदी अंगावर आलेल्या अधिकाऱ्याला ही मोठीच सोय होती.

पण या सोयीची किंमत होती. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. स्प्रिंग वाकवायला ०.६ ज्यूल कार्य लागते असे समजा. अंगठ्याने घोडा ४ सेंटिमीटर ओढला, तर सरासरी बल १५ न्यूटन होते. तेच कार्य चापाने दीड सेंटिमीटरमध्ये करायचे तर ४० न्यूटन, म्हणजे सुमारे ४ किलो वजन उचलण्याइतके बल लागेल. घर्षण वेगळेच. हातातले शस्त्र असते साधारण एक किलोचे. नेम धरलेला असताना बोटाने एवढा जोर लावला की नळीचे तोंड हलणारच. कोल्टच्या पद्धतीत मात्र जड काम आधीच उरकलेले असते. नेम धरल्यावर चाप अगदी थोडा, हलकेच ओढला की पुरते.

म्हणजे एकीकडे वेग, दुसरीकडे अचूकपणा. यातून वाट काढली ती फ्रेडरिक बोमाँट या ब्रिटिश सैन्यातील इंजिनिअर अधिकाऱ्याने. क्रिमियाच्या युद्धाचा त्याला अनुभव होता. १८५६ साली पेटंट घेतलेल्या सुधारणेत त्याने अ‍ॅडम्सच्या घोड्याला अंगठ्यासाठी टोक दिले आणि मागे ओढलेला घोडा अडकून राहील अशी खाच ठेवली. आता सवड असेल तर अंगठ्याने ओढावे, नसेल तर थेट चाप. ही दुहेरी क्रिया. ब्रिटिश सैन्याने हे रिव्हॉल्व्हर स्वीकारले आणि कोल्टचा लंडनमधील कारखाना त्याच सुमारास बंद झाला. १८५७ च्या उठावात ब्रिटिश अधिकाऱ्यांपैकी काहींच्या कमरेला हीच शस्त्रे होती.

यापुढे सगळीकडे दुहेरी क्रियाच आली असेल, असे वाटेल. तसे घडले नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात सरकारने स्टार कंपनीची दुहेरी क्रियेची रिव्हॉल्व्हर घेतली, पण पुढे त्याच कंपनीकडून स्वस्त, एकेरी क्रियेचा नमुना घेणे पसंत केले. दुहेरी रचनेत भाग जास्त, ते अधिक काटेकोर घडवावे लागत आणि बिघाडाच्या जागाही वाढत. १८७३ साली फ्रान्सने दुहेरी क्रियेचे रिव्हॉल्व्हर सैन्याला दिले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सैन्याने कोल्टचे एकेरी क्रियेचे निवडले! अमेरिकी सैन्याने दुहेरी क्रियेचे रिव्हॉल्व्हर स्वीकारायला १८९२ साल उजाडले. चांगली कल्पना सुचणे आणि ती हजारोंच्या संख्येने, परवडेल अशी व न बिघडणारी घडवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगायला हे उदाहरण उपयोगी पडेल.

यातील भौतिकशास्त्र वर्गात दाखवायला शस्त्राची गरज नाही. कपडे वाळत घालायचा चिमटा पुरेल. तो आधी शेपटाच्या टोकाशी दाबून उघडायला सांगा, मग स्प्रिंगच्या अगदी जवळ दाबून. तोंड दोन्ही वेळा सारखेच उघडते, स्प्रिंगही तीच. मग दुसऱ्या वेळी बोटे का दुखली? या प्रश्नाचे उत्तर मुलांनाच शोधू द्या. ते मिळाले की अ‍ॅडम्सचा चाप जड का होता, हे वेगळे सांगावे लागणार नाही.