पटलावर ठेवलं, पटलं का?

लोकसभेत दुपारचे बारा वाजले, प्रश्नोत्तराचा तास संपला, की मंत्री एकामागोमाग उठतात. ‘अमुक अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवतो,’ एवढंच म्हणतात आणि बसतात. पटल म्हणजे सभागृहाचं टेबल. झालं! बघणाऱ्याला जांभई. पण थांबा, चॅनल बदलू नका. या एका वाक्यात केवढा मसाला आहे, माहीत आहे का?

एंट्री होताच पब्लिक!
कागद पटलावर आला की तो सार्वजनिक झाला. लोकसभेचा नियम 369 तसं स्पष्टच सांगतो. ठेवणाऱ्याने तो आधी प्रमाणित करायचा. मग त्याला मिळतो ‘एलटी’ नंबर आणि स्वारी थेट संसदेच्या ग्रंथालयात!

वाचलंत तर अडकलात
मंत्र्याने एखाद्या सरकारी कागदातला मजकूर सभागृहात जसाच्या तसा वाचला, तर नियम 368 म्हणतो, ठेवा तो कागद पटलावर! लोकहिताला बाधा येणार असेल तरच सूट. आणि सारांश स्वतःच्या शब्दांत सांगितला तर? सुटलात! शाळेतल्या ‘स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहा’चा असाही फायदा.

रोज 250 प्रश्न
लोकसभेच्या यादीत एका दिवसाला 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न असतात. तोंडी उत्तराचं भाग्य मोजक्यांनाच. बाकी सगळी उत्तरं? गुपचूप पटलावर!

थर्टी फर्स्टची डेडलाइन
सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी वार्षिक अहवाल आणि तपासलेले हिशेब वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत पटलावर आणायचे. 31 मार्चनंतर नऊ महिने म्हणजे? बरोब्बर, 31 डिसेंबर! उशीर झाला तर त्याची कारणं सांगणारं निवेदनही पटलावर. यावर नजर ठेवायला लोकसभेत 1975 पासून खास समिती आहे. कागदांसाठी कमिटी, बोला!

‘अजून थोडा वेळ द्या’
बाबरी मशीद पाडल्याच्या चौकशीसाठी डिसेंबर 1992 मध्ये नेमलेल्या लिबरहान आयोगाला मुदत होती तीन महिन्यांची. मिळाल्या 48 मुदतवाढी! अहवाल सरकारच्या हाती पडला जून 2009 मध्ये. नोव्हेंबरात तो वर्तमानपत्रात फुटला आणि लगोलग, 24 नोव्हेंबरला, पटलावर आला. सतरा वर्षांची वाट, पण शेवटची धाव सुपरफास्ट.

कॅगलाही मधला टप्पा
कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक, आपला अहवाल स्वतः संसदेत नेऊन ठेवतात, असं वाटतं? छे! अनुच्छेद 151 नुसार तो आधी राष्ट्रपतींकडे जातो आणि मग दोन्ही सभागृहांत. राज्याचा असेल तर व्हाया राज्यपाल. टूजी स्पेक्ट्रम वाटपावरचा कॅगचा गाजलेला अहवाल 16 नोव्हेंबर 2010 ला पटलावर आला. दूरसंचार मंत्री ए. राजा यांचा राजीनामा आला 14 तारखेला. म्हणजे ट्रेलरच पिक्चरपेक्षा भारी! पुढे 2017 मध्ये विशेष न्यायालयाने राजा यांना निर्दोष सोडलं, हा त्याचा सिक्वेल.

भाषण तिकडे, कागद इकडे
बजेटचं भाषण होतं फक्त लोकसभेत. राज्यसभेला काय? भाषण संपलं की अर्थसंकल्प पटलावर. ना शेरोशायरी, ना बाकं वाजवणं!

अहवाल छापला, शेरीफ आत!
आता चला एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला. न्यूगेट तुरुंगात एक अश्लील पुस्तक फिरतंय, असं तुरुंग निरीक्षकांच्या अहवालात आलं. संसदेच्या हुकमाने तिचा मुद्रक हॅन्सार्ड याने तो छापला. चिडलेल्या त्या पुस्तकाच्या प्रकाशकाने, स्टॉकडेलने, हॅन्सार्डवर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला आणि 1839 मध्ये कोर्टात बाजी मारली. भरपाई वसूल करणाऱ्या शेरीफनाच मग कॉमन्स सभागृहाने कैदेत टाकलं! अखेर 1840 मध्ये संसदीय कागदपत्रं छापणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

जाता जाता महाराष्ट्र
आपल्या विधिमंडळाच्या कामकाजात याला म्हणतात ‘कागदपत्रे सभागृहासमोर ठेवणे’. कॅगचा अहवाल इथे बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी अवतरतो. आमदारांना चर्चेला वेळ उरत नाही. पण कागद एकदा पटलावर आला, की तुम्हा-आम्हाला वाचायला कुठल्या अधिवेशनाची गरज आहे? पटो न पटो, वाचा तर खरं!