जंतू गेले, गाठ विरली

कर्करोग म्हटला की शस्त्रक्रिया आणि किरणोपचार आठवतात. दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो, हे कुणाला पटेल? पण जठराच्या एका लसिकार्बुदाबाबत हे बहुधा घडते.

निरोगी जठराच्या अस्तरात लसिकापेशींचे पुंजके जवळजवळ नसतात. मग तेथे लसिकापेशींचा कर्करोग येतो कोठून? याचे उत्तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूत आहे. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो प्रथम वाढवला. युरियापासून अमोनिया तयार करून तो जठरातल्या आम्लात तग धरतो. त्याच्याशी लढायला लसिकापेशी अस्तरात जमतात. ही लढाई वर्षानुवर्षे चालली, तर क्वचित एखादी बी-पेशी बेसुमार वाढू लागते. हेच ‘माल्ट’ लसिकार्बुद.

सुरुवातीला ही वाढ जिवाणूच्या चिथावणीवरच अवलंबून असते. मग जिवाणूच नाहीसा केला तर? पीटर आयझॅकसन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांना प्रतिजैविके दिली. १९९३ साली त्यांनी जाहीर केले, की पाच जणांच्या जठरात अर्बुद दिसेनासे झाले!

लक्षणे मात्र साधीच असतात: अपचन, पोटदुखी. म्हणून डॉक्टर दुर्बिणीतून अस्तराचे अनेक ठिकाणचे तुकडे घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची जात कळते. एक तुकडा युरिया आणि फिनॉल रेड यांच्या मिश्रणात ठेवतात. जिवाणू असल्यास अमोनियामुळे पिवळा रंग गुलाबी होतो. आम्ल-आम्लारी दर्शकांचा शाळेतला प्रयोगच हा!

उपचारात आम्ल कमी करणारे औषध आणि किमान दोन प्रतिजैविके १० ते १४ दिवस देतात. जिवाणू गेल्याची खात्री करून घेतात. अर्बुद विरायला मात्र कित्येक महिने लागतात, म्हणून दुर्बिणीची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत अर्बुद नाहीसे होते. काहींच्या पेशींत ११ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. अशा पेशींना चिथावणीची गरज उरत नाही. तेथे बहुधा किरणोपचार करतात. मोठ्या पेशींचे, झपाट्याने वाढणारे अर्बुद असल्यास रसायनोपचार लागतात.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. जिवाणू अनेकांच्या पोटात असतो, लसिकार्बुद फार थोड्यांना होते. पण स्वतःच्या मनाने आम्लपित्ताच्या गोळ्या वा प्रतिजैविके घेत राहिल्यास तपासणीत जिवाणू लपून राहू शकतो. वजन घटत असेल वा शौचास काळी होत असेल, तर आधी डॉक्टर गाठावा.