त्र्यंबक रस्त्यावरचा कारखानदार

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे निघाले की सातपूर ओलांडावेच लागते. मायको सर्कल, आयटीआय सिग्नल, पपया नर्सरी आणि आत वळले की कारखान्यांची फाटके. ज्यांच्या नावाने केंद्र सरकार चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार देते, ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० रोजी या रस्त्याच्या त्र्यंबकेश्वराकडच्या टोकाला जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकाकडच्या टोकाला गेले. त्यांच्या हयातीत सातपूर हे शेतीवाडीचे गाव होते. एमआयडीसी आली ती साठच्या दशकात. तरीही दादासाहेबांचे काम आतून समजेल असा वाचक आज कुठे असेल, तर तो सातपुरातच, असे मला मनापासून वाटते. कारण पाळीवर जाणाऱ्या, मापात काम करणाऱ्या माणसाला त्यातली खरी मेहनत लगेच ओळखू येईल.

त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या, ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. सिनेमात काम करणे तेव्हा इतके कमीपणाचे मानले जाई, की कुणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असे सांगा, असे फाळक्यांनी आपल्या माणसांना बजावले होते. परेश मोकाशी यांच्या २००९ सालच्या चित्रपटाचे नाव इथूनच आले. लोक ही गोष्ट थाप म्हणून सांगतात. माझ्या मते त्यात थाप नव्हतीच. ती फॅक्टरीच होती.

फाळके मुळात यंत्रात रमणारे होते. जे. जे. कला विद्यालय, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी आणि मग लोणावळ्याला स्वतःचा ब्लॉकचा आणि छपाईचा उद्योग, असा त्यांचा प्रवास. रंगीत छपाईची यंत्रे आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. पुढे मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि डोक्यात एकच घेतले. विमा पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडायचे यंत्र, प्रती काढायचे यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवली. यंत्रे आल्यावर चाचणी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची वाढ थोडी थोडी टिपत गेले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली, आणि भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून तीच फिल्म दाखवली. आधी नमुना, मग ऑर्डर. सातपुरातल्या कुठल्याही लघुउद्योजकाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

आता ती भोकांची गोष्ट. कच्ची फिल्म तेव्हा कोरी यायची, कडेला भोके नसायची. भोके नसली तर कॅमेऱ्याचे दाते फिल्म ओढणार कसे? म्हणून अंधाऱ्या खोलीत बसून आधी ती पाडावी लागत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे बसतात आणि एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके लागतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट सांगतात. म्हणजे चित्रे झाली ५९,२००. भोके एका कडेला २,३६,८०० आणि दोन्ही मिळून पावणेपाच लाखांच्या घरात. हा फक्त पडद्यावर आलेल्या फिल्मचा हिशेब. वाया गेलेली, पुन्हा घेतलेली फिल्म वेगळीच. दोन भोकांतले अंतर पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. ते जरा सरकले की चित्र पडद्यावर नाचणार. टूलरूममध्ये ज्याने पिच सांभाळला आहे, त्याला या कामाची किंमत कळेल.

ही भोके पाडायला शिकल्या फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्म धुण्याचे कामही त्या करत. शिवाय प्रकाश परतवण्यासाठी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिने. भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ कोण, असे विचारले तर मी बेधडक त्यांचे नाव घेईन. पितामहाचा पुतळा आपण उभारतो. या बाईंच्या नावाने नाशकात एखादा तांत्रिक अभ्यासक्रम तरी असायला हवा होता.

कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग होते आणि तो हाताने फिरवायचा होता. साधारण सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रे. हात मंदावला की पडद्यावरची माणसे धावत सुटतात, हात तापला की रेंगाळतात. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ३ मे १९१३ रोजी चित्रपट लोकांसमोर आला.

माल तयार झाला, पण तो खपवायचा कसा, हा प्रश्न राहिलाच. नाटक कंपन्या दोन आण्यांत सहा तास करमणूक देत, मग त्याहून महाग आणि तासा-दीड तासात संपणारा हा खेळ कोण बघणार? सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. खेळ लांबवा, असा सल्ला मिळाला. फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर फक्त तीन आणे! लोक लोटले. मघाचा हिशेब इथे ताडून बघा. छायाचित्रांचा आकडा जवळपास चोख आहे. मैल मात्र फुगलेले, कारण ३,७०० फूट म्हणजे जेमतेम पाऊण मैल. पण प्रेक्षकाला त्यांनी कथा सांगितली नाही, मालातले श्रम मोजून दाखवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१९१३ मध्येच सारा बाडबिस्तरा नाशकात आला. ऊन, नदी, घाट, देवळे, डोंगर सगळे हाताशी असलेले गाव. ‘मोहिनी भस्मासुर’ इथलाच. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या आणि पुरुषांनीच साड्या नेसाव्यात हा नियम मोडला. तरी १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते. मुंबईच्या भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली ती १९१८ मध्ये. पुढच्याच वर्षी ‘कालिया मर्दन’ आला. त्यात कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ती साध्या रूपात दिसते, चेहऱ्यावर भाव आणून दाखवते आणि मग कृष्ण होते. भागीदारांशी खर्चावरून बिनसले आणि फाळके काशीला निघून गेले, परत आले, पुन्हा कामाला लागले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मुक्या कारखान्याचे दिवस भरले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, तोही कोल्हापुरात तयार झाला.

त्या कारखान्याचा माल आता फार थोडा उरला आहे. तेव्हाची नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, कुजायची. चांदी काढण्यासाठीही रिळे वितळवली गेली. जे वाचले त्याचे मोठे श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांना जाते.

वाचलेल्या तुकड्यांत एक लहानशी फिल्म आहे, १९१७ सालची, चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी. तीत दादासाहेब स्वतः काम करताना दिसतात. नटांना सूचना देताहेत, फिल्म हातात धरून बघताहेत, कापताहेत, जोडताहेत. देवदेवतांच्या चमत्कारांनी ज्यांना घराघरांत नेले, त्या माणसाला आपले कामही लोकांना दाखवावेसे वाटले. पडद्यामागचे गुपित झाकून ठेवण्याचा धंदा असताना त्यांनी शॉपफ्लोअरच उघडा करून दाखवला.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, ते जपले पाहिजेच. इगतपुरीकडच्या चित्रनगरीची मागणीही जुनी आहे आणि रास्त आहे. पण त्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. १९१७ ची ती लहानशी फिल्म दाखवायला मात्र काहीच लागत नाही. ती मूक आहे, काही मिनिटांत संपते, तिच्या प्रताधिकाराची मुदत केव्हाच सरली आहे आणि मोबाइलवर शोधली तरी सापडते. येत्या ३० एप्रिलला सातपूरच्या आयटीआयमधल्या फिटर-टर्नरच्या मुलांना, कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये पाळी बदलताना, शाळांमध्ये, मंडळांमध्ये ती दाखवा. आणि दाखवताना सरस्वतीबाईंचे नाव आधी घ्या.