फिरवसान कुठी?

भाऊजी टेपचं एक टोक धरतात, ड्रायव्हर दुसरं घेऊन डांबराच्या कडेपर्यंत जातो. तीन मीटर पंचाहत्तर. ग्रामीण सडकेच्या एका लेनची सरकारी रुंदी साधारण एवढीच असते आणि बेज्जूरच्या अलीकडचा हा फाटाही तिला जागून आहे.

"आपली गाडी दोन मीटर दहा," भाऊजी फोर्स ट्रॅव्हलरच्या पत्र्यावर थाप मारतात. "म्हणजे दीड मीटरच्या वर उरतंय की!"

"आरसे धरले का?" ड्रायव्हर विचारतो.

आरसे धरलेले नाहीत. ते धरले की गाडी अडीच मीटरला टेकते. समोरून कापसाचा ट्रॅक्टर येतोय. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी भार बाहेर फुगलेला, वर दोघं जण बसलेले. ट्रॅक्टर वेग कमी करत नाही आणि त्यानं तो करावा असं मलाही वाटत नाही. रस्ता त्याच्या कामाचा आहे, आपण सहलीला आलोय. ट्रॅव्हलरची डावी चाकं डांबर सोडून काळ्या मातीत उतरतात. डिसेंबर आहे, माती कडक आहे. आषाढात हीच चाकं कुठवर गेली असती ते ड्रायव्हर सांगत नाही, नुसता वर बघून हात जोडतो.

ही गाडी भाड्याची आहे. आत चार बिछाने, छोटा ओटा, टॉयलेट. भाऊजींना स्वतःची अशी गाडी बांधून घ्यायची आहे आणि त्यासाठी नागपूरच्या एका बॉडीवाल्याशी बोलणंही झालंय: ४०२० ची चासी. आकडा चाकांमधल्या अंतराचा, मिलिमीटरमध्ये. अख्खी गाडी सात मीटरच्या आसपास. बांधायला घेण्याआधी ती जंगलाच्या मुलखात कशी चालते ते बघावं, हा ताईचा हट्ट. म्हणून चंद्रपूरहून राजुरा, पुढं कागजनगर, आणि तिथून सागवानाच्या सावलीतून चाळीसेक किलोमीटर. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा हा पूर्वेचा कोपरा २०१६ पासून तेलंगणाच्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. पूर्वेला प्राणहिता, तिच्या पल्याड आपली गडचिरोली.

फाट्यावरून आत वळताना मोरी लागते. पुढची चाकं सहज पार होतात. मागचं शेपूट मात्र उजवीकडे झोक घेतं आणि मोरीच्या कठड्यापासून चार बोटांवर थांबतं. ड्रायव्हर उतरून वाकून बघतो. मागच्या चाकांच्या मागे किती गाडी लोंबावी यालाही नियम आहे, चाकांमधल्या अंतराच्या साठ टक्क्यांपर्यंत. म्हणजे चासी जितकी लांब तितकं शेपूटही लांब ठेवायची मुभा, आणि बॉडीवाले ती मुभा बिछान्यासाठी वापरून टाकतात. दिवाणखान्यात बसून नकाशा काढताना माणूस गाडी आतून मोजतो. मोरीवर ती बाहेरून मोजली जाते.

"येऊ दे... येऊ दे... बस! बस!" भाच्याचा आवाज अख्ख्या शिवारात घुमतो. गाडी मागं, पुढं, पुन्हा मागं. बघायला पोरं जमलीत. कठड्यावर पंचा खांद्यावर टाकलेले एक आजोबा बसलेत. त्यांची लेक नदीपलीकडे अहेरीला दिलेली, त्यामुळे मराठी आमच्याइतकीच त्यांचीही.

"गाडी आत येते जी," ते शांतपणे सांगतात. "पन फिरवसान कुठी?"

इतका वेळ टेप घेऊन आम्ही जे मोजत नव्हतो ते नेमकं हेच.

माझी आतेबहीण कॅलिफोर्नियातून आलीय. ती हसते. तिकडे सरकारी वनातली जागा आरक्षित करताना प्रत्येक जागेपुढे गाडीची कमाल लांबी लिहिलेली असते आणि ती सगळ्यात आधी तेच वाचते. त्यामागची गोष्ट गमतीची आहे. एमिलिओ माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाला दिसलं, की मोटारी झाडांखाली वाट्टेल तशा फिरतात आणि मुळांवरची माती दाबली जाऊन झाडं खंगतात. १९३२ मध्ये त्यानं आराखडा मांडला: एकाच दिशेनं जाणारा वळसेदार रस्ता, आणि प्रत्येक मुक्कामाच्या जागेला मोटार घालण्यापुरता एक तिरका फाटा. पुढे त्या दशकात असे तळ ठिकठिकाणी बांधले गेले. फाटे कापले ते तेव्हाच्या मोटारींच्या मापानं. गाड्या वाढत गेल्या, झाडं तिथंच राहिली. त्यामुळे मोठं धूड घेऊन जाणारे तिथून परत फिरतात आणि लहान गाडीवाल्याला ओढ्याकाठची जागा मिळते.

इथे तसे तळ नाहीत. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन धोरण आणलं, त्यात पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण आपण आत्ता तेलंगणात आहोत, आणि राखीव जंगलात परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही. करूही नये. ताडोबा आणि कवाल यांच्यामधली वाघांची ये-जा याच पट्ट्यातून होते. २०२४ च्या नोव्हेंबरात कागजनगरजवळ कापूस वेचणारी एक तरुणी वाघाच्या हल्ल्यात गेली. म्हणून अंधाराआधी गाडी वस्तीत हवी, आणि वस्तीत जागा म्हणजे कुणाचं तरी अंगण.

आजोबाच त्यांचं अंगण देऊ करतात. गल्लीच्या तोंडाशी विजेची वायर इतकी खाली आलीय, की भाचा टपावर चढून वाळकी काठी घेऊन बसतो आणि वायर उचलून धरायला निघतो. ताई ओरडून त्याला खाली उतरवते. ड्रायव्हर गाडी थांबवतो. टपावरचा एसी आणि पाण्याची टाकी धरून उंची तीन मीटरच्या घरात जातेय. एसी तसाही इथे चालणार नाही. घरातल्या एका सॉकेटवर तो लावला तर फ्यूज जाईल आणि आधी आजोबांचा पंखा बंद पडेल. टाकीत शंभर लिटर पाणी म्हणजे छपरावर शंभर किलो. हातपंप चार पावलांवर असताना ते ओझं वर कशाला, हे मला कळत नाही. डबक्यातून जाताना गाडी डोलते ती त्यामुळेच.

गाडी शेवटी गल्लीच्या तोंडाशीच राहते. निम्मी बाहेर.

आतेबहिणीला पालारापूच्या कड्यावरची गिधाडं बघायची आहेत. लांब चोचीच्या गिधाडांची ती वसाहत गेल्या दशकात उजेडात आली. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधानं देशभरची गिधाडं मारल्यानंतर अशा कड्यांचं मोल वेगळं आहे. तिथं ही गाडी जाणार नाही. वनखात्याची परवानगी घेऊन गावातल्या जीपनं जायचं, असं ठरतं. मग सात मीटर कशासाठी? जंगल बघायला जीप लागणार, झोपायला अंगण लागणार. गाडीनं त्या अंगणात शिरावं आणि सकाळी तोंड फिरवून बाहेर पडावं, एवढंच तिचं काम. मला विचाराल तर सहा मीटरच्या वर जाऊच नये.

भाऊजी मला विचारत नाहीत. ते अंगणात टेप टाकतात, कुडापासून बाभळीपर्यंत, आणि मग थेट बॉडीवाल्याला फोन लावतात.

"४०२० नको. ३३५० करा. हो, मीटरभर कमी. आणि टपावर काही नको, टाकी खाली घ्या."

पलीकडून बरंच बोलणं होतं. टॉयलेट ठेवायचं तर एक बिछाना जाईल. टॉयलेट ताई सोडणार नाही, सासूबाई बरोबर असतात.

"मग चौथा माणूस झोपणार कुठं, विचारतोय तो," भाऊजी फोनवर हात ठेवून म्हणतात.

भाचा केव्हाच आजोबांच्या ओसरीवर जाऊन बाज दाबून बघतोय.