पाण्याने नेलेला रंग

झाशीहून समुद्र शेकडो कोस दूर आहे. तरीही येथील मराठी घरांचा कोकणाशी येण्याजाण्याचा संबंध असतो, आणि अलीकडे मालवणहून परतणारी मंडळी सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या पाण्यात बुडी मारून काढलेली छायाचित्रे बरोबर आणतात. ती पाहून बहुधा निराशा होते. पाण्यात दिसलेले मासे आणि प्रवाळ रंगीत होते; चित्रात सर्वत्र हिरवट धुके. दोष कॅमेऱ्याला दिला जातो, तो अन्यायाचा आहे. रंगांची उणीव आपला मेंदू परस्पर भरून काढतो. कॅमेरा जे पोहोचले तेवढेच नोंदवतो.

पाणी सर्व रंग सारखे शोषीत नाही. शुद्ध पाण्यातही पाच मीटर अंतर कापताना तांबड्या प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग नाहीसा होतो. निळा जवळजवळ तसाच राहतो. हे अंतर केवळ खोलीचे नव्हे. प्रकाश पृष्ठभागापासून माशापर्यंत उतरतो आणि तेथून कॅमेऱ्यापर्यंत येतो. दोन्ही प्रवासांत त्याची घट होते. मालवणसारख्या किनाऱ्याजवळ सूक्ष्म वनस्पती आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये निळा प्रकाशही शोषतात, म्हणून मधला हिरवा तेवढा उरतो. शिवाय तरंगणारे कण प्रकाश विखरून थेट कॅमेऱ्याकडे पाठवतात. धुके ते हेच.

तेव्हा चित्र सुधारण्याचे काम मुळात एका वजाबाकीचे आणि एका गुणाकाराचे आहे. आधी धुक्याचा प्रकाश वजा करावा; त्याने गडद भाग खरोखर गडद होतात आणि छायाप्रकाशाचा भेद उठून दिसतो. मग जो रंग जेवढा घटला, तेवढ्या पटीने तो वाढवावा. क्रम उलटा केला तर धुकेही गुणले जाते आणि मागचे पाणी विचित्र जांभळट दिसू लागते.

किती पट, हे ठरवण्यासाठी पाण्यात एक करडी पाटी न्यावी. समजा, चित्रात पाटीवर तांबड्याचे मूल्य २०, हिरव्याचे १२० आणि निळ्याचे ९० आले. करड्यात तिन्ही समान हवेत. म्हणजे तांबडा सहापट करावा लागेल. येथे एक अडचण आहे. साध्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. त्यांतील वीस पायऱ्या ताणून एकशेवीस केल्या, तर मधल्या जागा रिकाम्या राहतात आणि चित्रावर रवाळपणा येतो. कॅमेऱ्याच्या १४ बिटांच्या कच्च्या नोंदीत १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणून ती जपावी. जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही, तो मात्र कोणत्याही गुणाकाराने परत येत नाही. शून्याला सहाने गुणले तरी शून्यच.

१९२६ मध्ये फ्लोरिडाच्या ड्राय टॉर्टुगाजजवळ विल्यम लाँगली व चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, ती मॅग्नेशियमच्या भुकटीचा लखलखाट करून. उणा प्रकाश त्यांनी बरोबरच नेला होता. जवळच्या वस्तूसाठी आजही हाच उपाय उत्तम. दूरच्या देखाव्यात पेच असा की एक मीटरवरील पाटीला योग्य ठरलेली पट चार मीटरवरील खडकाला चालत नाही. २०१९ मध्ये डेर्या अक्कायनाक व ताली ट्रायबिट्झ यांनी मांडलेल्या 'सी-थ्रू' पद्धतीत एकाच जागेच्या अनेक चित्रांवरून प्रत्येक बिंदूचे अंतर काढतात आणि त्यानुसार प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी करतात.

सहलीच्या चित्रात थोडी अतिशयोक्ती खपते. परंतु मालवणचा हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळाचा रंग ही त्याच्या प्रकृतीची खूण असते. पाणी अति तापले की प्रवाळ आपल्यातील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो व पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. संगणकाला 'सर्वांत उजळ ते पांढरे' असा सरसकट हुकूम दिला, तर फिकट तपकिरी, जिवंत प्रवाळही पांढरा होतो. उलट, उबदार छटेची सरकपट्टी थोडी अधिक ओढली की विरंजित प्रवाळावर निरोगी तपकिरी झाक येते. म्हणून अभ्यासकाने मूळ नोंद कधीही पुसू नये, आणि केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवावा. पाटीवर पेन्सिलीने तारीख व खोली लिहून ती चित्राच्या कोपऱ्यात येऊ द्यावी. पेन्सिलीचे अक्षर पाण्यात पुसत नाही.