गंभीर गुन्ह्यात जामीन : न्यायालय काय पाहतं?

खून किंवा दरोड्यासारख्या अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळणं न्यायाधीशांच्या विवेकावर असतं. सत्र न्यायालयात आणि उच्च न्यायालयात असे अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ खाली (जुनं कलम ४३९) येतात. आरोपी दोषी आहे का, याचा निवाडा इथे होत नाही. प्रथमदर्शनी पुरावा किती भक्कम, शिक्षा किती मोठी, आरोपी पळेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, हे तोललं जातं.

खरी कोंडी विशेष कायद्यांत. १९९९च्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली सरकारी वकिलांनी विरोध केला, तर आरोपी दोषी नसल्याचं मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची दुहेरी खात्री पटावी लागते. म्हणजे खटला उभा राहण्याआधीच बचावाची निम्मी लढाई! मात्र या अटींचा अर्थ ताणू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने तेलगी मुद्रांक घोटाळ्यातल्या एका अर्जावर २००५मध्ये बजावलं. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या के. ए. नजीब प्रकरणात (२०२१) तर खटला रखडून तुरुंगवास फार लांबला, तर कायद्यातल्या कडक अटी असूनही जामीन देता येतो, असं याच न्यायालयाने म्हटलं.

एक वाट मात्र विवेकावर नसते. जन्मठेपेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन मागणं हा आरोपीचा हक्क ठरतो. पुराव्याची चर्चाच होत नाही. मकोकात न्यायालय ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं.